पाण्याचा कारभारी : सर विश्वेश्वरय्या

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६१ साली म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. लहान वयातच पितृछत्र हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरला पदवी मिळवली आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात दाखल झाले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांची पहिली नेमणूक नाशिकला झाली.

पुढे सिंधमधील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे आले. सिंधू दाराशी वाहत होती, पण पाणी गढूळ. आणि गाळण्याच्या टाक्या बांधण्याइतका पैसा नगरपालिकेपाशी नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणवली. वाळूतून पाझरणारे स्वच्छ पाणी पंपाने उंचावर चढवून शहराला दिले. गावाची ऐपत ओळखून योजना आखावी, हा त्यांच्या कारभाराचा पाया होता. पुण्याजवळ खडकवासल्याला त्यांनी स्वयंचलित दारे बसवली. त्यामुळे जलाशयात अधिक पाणी साठू लागले आणि पूर चढताच दारे आपोआप उघडून जादा पाणी वाहून जाऊ लागले.

खात्याचे सर्वोच्च पद हिंदी माणसाला मिळण्याची आशा त्या राजवटीत नव्हती. हे ओळखून १९०८ मध्ये त्यांनी सेवानिवृत्ती पत्करली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हजारो माणसे बळी घेतली. निजाम सरकारने त्यांना पाचारण केले. त्यांनी केवळ नदीकाठाची डागडुजी सुचवली नाही. शहराच्या वरच्या बाजूस पाणी अडवणारे जलाशय आणि शहरासाठी भुयारी गटारे अशी सर्वांगीण योजना त्यांनी मांडली. पुराला आवर घालणारे तेच पाणी शहराची तहानही भागवू शकेल, ही त्यामागची दृष्टी होती.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम त्यांनी हाती घेतले. १९१२ ते १९१८ या काळात ते संस्थानचे दिवाण होते. हैदराबादचे उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा तेथील सूत्रे इतरांच्या हाती होती. तरीही काम अडले नाही. आराखडा व्यक्तीवर विसंबलेला नव्हता.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सन्मान लाभला. १९६२ मध्ये शंभरी ओलांडून त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.