कॅमेऱ्यापूर्वीची रानफुले

फाल्गुन सरत येतो तशी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील पानगळ पुरी होते आणि निष्पर्ण फांद्यांवर पळस पेटतो. पाठोपाठ मोहाची फुले पहाटे जमिनीवर टपटपू लागतात, तेंदूलाही बारीक फुले येतात. ताडोब्याच्या परिसरात हा बहर कॅमेऱ्यात टिपणारे आता पुष्कळ आहेत. मात्र कॅमेऱ्याचा शोध लागण्यापूर्वी याच वृक्षांची फुले कुंचल्याने नेमकी टिपून घेणारा एक माणूस होऊन गेला. भारतीय वनस्पतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे डॉ. विल्यम रॉक्सबर्ग ते हेच.

स्कॉटलंडमध्ये १७५१ साली जन्मलेल्या रॉक्सबर्ग यांनी एडिंबरा येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि तेथेच जॉन होप यांच्याकडून वनस्पतिशास्त्राचे धडे गिरवले. १७७६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत ते मद्रासला आले. १७८१ पासून त्यांचा मुक्काम सामलकोट येथे होता. वर्धा आणि वैनगंगेचे पाणी प्राणहितेतून सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. ती गोदावरी जेथे सागराला भेटते, त्याच टापूतील हे गाव. तेथील डोंगरांतही पळस, मोह, तेंदू आणि कांडोळ हेच वृक्ष उभे होते.

१७८७ मध्ये समुद्र किनाऱ्यावर चढून आला आणि त्या पुरात त्यांचा वनस्पतिसंग्रह व ग्रंथ नष्ट झाले. अनेक वर्षांचे श्रम पाण्यात गेले, तरी रॉक्सबर्ग यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. स्थानिक चित्रकारांना हाताशी धरून त्यांनी झाडांची चित्रे काढून घेतली. फुलोऱ्यासोबत पान, फळ आणि फुलाचे सुटे भागही दाखवले जात. स्थानिक नावे व उपयोगही ते नोंदवत. कंपनीला रस होता तो मिरी, नीळ आणि महसुलात. रॉक्सबर्ग यांनी ते काम केलेच, पण डोंगरांतील माणसे मोहाची फुले खातात, हेही लिहून ठेवले.

लंडनला पाठवलेल्या पाचशे चित्रांतून जोसेफ बँक्स यांनी तीनशे निवडली. १७९५ पासून निघू लागलेल्या कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या पहिल्याच खंडात पळस, मोह, कांडोळ आणि तेंदू हे चारही वृक्ष आहेत. १७९३ ते १८१३ ही वीस वर्षे ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. तेथे त्यांच्या चित्रसंग्रहाने अडीच हजारांचा आकडा ओलांडला.

प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी परतले आणि १८१५ मध्ये एडिंबरा येथे निवर्तले. ग्रंथाचा तिसरा खंड १८२० मध्ये पूर्ण झाला. तो त्यांना पाहता आला नाही. भारतीय वनस्पतींवरील त्यांचे हस्तलिखित १८३२ मध्ये विल्यम केरी यांनी समग्र प्रसिद्ध केले. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये छापणारे केरी ते हेच.

तेंदू व कांडोळ यांच्या शास्त्रीय नावांपुढे रॉक्सबर्ग यांच्या नावाचे संक्षिप्त रूप आजही लिहिले जाते. ज्यांच्या बोटांनी ती फुले कागदावर उतरवली, त्या चित्रकारांची नावे मात्र ग्रंथात छापली गेली नाहीत. गडचिरोलीत दर उन्हाळ्यात तेंदूपाने तोडणाऱ्या हातांना हे झाड ठाऊक आहेच. त्या अनाम चित्रकारांनाही ते तितकेच जवळून ठाऊक होते.