हस्ताक्षराचा पुरावा न्यायालयाच्या डोळ्यांसमोर मांडणारे आल्बर्ट ऑसबर्न

संशयास्पद दस्तऐवजांच्या तपासणीला शास्त्राचे अधिष्ठान मिळवून देणारे अमेरिकन तज्ज्ञ आल्बर्ट शेरमन ऑसबर्न यांचा जन्म १८५८ मध्ये मिशिगन राज्यात झाला. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे ते सुलेखनाचे शिक्षक होते. अक्षरांच्या वळणांचा तेथे झालेला अभ्यास पुढे त्यांना न्यायालयात उपयोगी पडला.

त्या काळी हस्ताक्षरतज्ज्ञ केवळ आपले मत सांगत असत. दोन्ही पक्षांचे तज्ज्ञ परस्परविरोधी मते देत आणि कोणावर विश्वास ठेवावा, असा प्रश्न ज्यूरीपुढे उभा राही. मताची कारणे ज्यूरीला स्वतः पाहता आली पाहिजेत, ही ऑसबर्न यांची भूमिका होती. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्वेश्चन्ड डॉक्युमेंट्स' या ग्रंथात त्यांनी ती विस्ताराने मांडली.

वादग्रस्त आणि अस्सल लिखाणाची छायाचित्रे सारख्याच प्रमाणात मोठी करावीत, त्यांतील समान शब्द व अक्षरे एका तक्त्यावर शेजारी शेजारी लावावीत, अशी त्यांची पद्धत होती. कोणाच्याही दोन सह्या तंतोतंत जुळत नाहीत. त्या जुळल्या, तर एक सही दुसरीवरून गिरवल्याचा संशय बळावतो. चौकटी आखलेली काच दोन्ही सह्यांवर ठेवली की हे साम्य सामान्य माणसालाही दिसते. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत अस्सल लिखाणाशी तुलना करण्यास मान्यता देणारा कायदा १९१३ मध्ये झाला.

अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून पार करणारे चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे १ मार्च १९३२ रोजी अपहरण झाले. नंतर त्याचा मृतदेह सापडला. या प्रकरणी ब्रूनो हॉप्टमन याच्यावर १९३५ मध्ये न्यू जर्सीतील फ्लेमिंग्टन येथे खटला चालला. खंडणीची पत्रे आणि आरोपीने भरलेले वाहन नोंदणीचे अर्ज यांतील अक्षरांची तुलना ऑसबर्न यांनी मोठ्या तक्त्यांच्या साहाय्याने ज्यूरीला दाखविली. हॉप्टमन दोषी ठरला आणि ३ एप्रिल १९३६ रोजी त्याला मृत्युदंड देण्यात आला.

या निकालाबाबत पुढेही शंका घेतल्या गेल्या. मात्र, खंडणीची पत्रे जतन केलेली असल्याने नंतरच्या तज्ज्ञांना ती पुन्हा तपासता आली. ज्या पुराव्यावर माणसाचे प्राण अवलंबून असतात, तो इतरांनाही पारखता यावा, हेच ऑसबर्न यांच्या पद्धतीचे मर्म होते.

१९४२ मध्ये स्थापन झालेल्या दस्तऐवज परीक्षकांच्या अमेरिकन संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले.