कमलताईंचा शोध आणि आपला निर्णय

कॅन्सर हा शब्द आपल्याकडे अजूनही हळू आवाजातच बोलला जातो. त्यातून तो छातीचा असेल तर बघायलाच नको! या आजाराचा पिच्छा पुण्याच्या एका बाईनं आयुष्यभर पुरवला. त्यांचं नाव डॉ. कमल रणदिवे. इंदापूर-बारामतीच्या बायकांनी हे नाव लक्षात ठेवावं असं मला वाटतं. का, ते सांगते.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७चा, पुण्यातला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलींनी शिकावं, यावर ते ठाम होते. कमलताईंची शाळा हुजूरपागा. लेकीनं डॉक्टर व्हावं आणि जावईही डॉक्टरच असावा, असं वडिलांच्या मनात होतं. पण कमलताईंनी जीवशास्त्र निवडलं, आणि १९३९ मध्ये लग्न केलं ते गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे यांच्याशी. नवऱ्यानं पुढच्या शिक्षणाला साथ दिली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. विषय कोणता, तर सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी! झाडाचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात, हे बघण्याची सवय तिथंच लागली असावी.

मुंबईला गेल्यावर त्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंतराव खानोलकरांच्या हाताखाली काम करू लागल्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. मग शिष्यवृत्तीवर अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या, शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवायला शिकल्या आणि परत आल्या. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून स्तनाचा कॅन्सर, आनुवंशिकता आणि बाळंतपण यांचा संबंध तपासला. हा आजार घराण्यातून येऊ शकतो, हे मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्या होत्या. पुढं १९९४-९५ मध्ये तशी दोन जनुकं सापडली. १९७३ मध्ये महिला शास्त्रज्ञांची संघटना काढण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचं काम केलं. २००१ मध्ये त्या गेल्या.

आता गंमत बघा. ज्या बाल्टिमोरला कमलताई शिकायला गेल्या, तिथंच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॉलस्टेड नावाच्या सर्जननं छातीच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन रूढ केलं होतं. पूर्ण स्तन, खालचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळंच काढायचं. जितकं जास्त काढू तितकी बाई वाचेल, ही समजूत. ती पाऊणशे वर्षं टिकली. मग अमेरिकेत आणि इटलीत हजारो बायकांवर नीट अभ्यास झाले. एका गटाचा स्तन काढला, दुसऱ्या गटाची फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढला. वीस वर्षांनंतरचे निकाल २००२ मध्ये छापून आले. दोन्हीकडच्या बायका सारख्याच जगल्या होत्या!

हे सगळं मला जवळून कळलं ते माझ्या वन्संच्या आजारपणात. इंदापूरजवळच्या खेड्यात त्या राहतात. गाठ लवकर सापडली, लहान होती. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितले. घरी बैठक बसली. दीर म्हणे काढूनच टाका, सासूबाई म्हणे आता या वयात काय करायचंय. फक्त वन्संना कुणी विचारलं नाही. त्यांना स्तन ठेवायचा होता. तो ठेवला तर रेडिएशन घ्यावं लागणार, आणि त्यासाठी रोज इंदापूर-पुणे करणं शक्य नव्हतं. शेवटी पुतणीकडे तीन आठवडे राहिल्या, गोठा जावांनी सांभाळला. बारामतीच्या माझ्या एका मैत्रिणीनं मात्र सगळं समजून घेऊन पूर्ण स्तन काढायचं ठरवलं. घरी अंथरुणावर खिळलेली आई होती, रेडिएशनसाठी बाहेर राहणं जमणार नव्हतं. दोघी आज कामाला लागल्यात. दोघींचाही निर्णय बरोबर होता, कारण तो त्यांचा होता.

स्तन ठेवणं सगळ्यांनाच जमतं असं नाही. गाठ स्तनाच्या मानानं मोठी असेल, वेगवेगळ्या भागांत गाठी असतील, छातीला पूर्वी रेडिएशन दिलेलं असेल, तर डॉक्टर पूर्ण काढायचा सल्ला देतात. कधी आधी केमो देऊन गाठ लहान करता येते. स्तन ठेवला तर त्याच जागी आजार परतण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून रेडिएशन आणि दरवर्षीची तपासणी टाळायची नाही. आणि पूर्ण काढला म्हणजे केमो किंवा रेडिएशन चुकलंच, असंही नाही. ते आजारावर ठरतं.

इथं कमलताईंचं काम कामी येतं. आई, मावशी, बहीण, आत्या यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. शंभरातल्या पाच-दहा जणींचाच आजार घराण्यातून आलेला असतो, पण त्यांच्यासाठी निर्णय वेगळा होऊ शकतो. वडिलांकडची नातीही मोजायची बरं का!

ऑपरेशनच्या आधी वहीत चार प्रश्न लिहून न्या. माझी गाठ किती मोठी? स्तन ठेवता येईल का, नसेल तर का? रेडिएशन किती दिवस आणि जवळात जवळ कुठं? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं? लवकरच्या आजारात विचाराला आठ-पंधरा दिवस मिळतात. घाबरून त्याच दिवशी हो म्हणायची गरज नसते. मात्र महिनोन्‌महिने लांबणीवरही टाकू नका.

कमलताईंनी वडिलांचा मान राखला, पण स्वतःची वाट स्वतःच निवडली. देह आपला आहे. घरच्यांचं ऐकावं, डॉक्टरांना विचारावं, आणि शेवटचा शब्द आपण बोलावा.