पाण्याच्या पेटीतला हुदिनी

मी हॅरी हुदिनी या जादूगाराची माहिती लिहीत आहे. त्याचे खरे नाव एरिक वाइस. जन्म २४ मार्च १८७४ रोजी हंगेरी देशात बुडापेस्ट शहरी झाला. चार वर्षांचा असताना तो अमेरिकेत आला. वडील ज्यू धर्मगुरू होते, पण त्यांची नोकरी टिकली नाही आणि घरात खायचे वांधे झाले. पोराने वर्तमानपत्रे विकली, बुटांना पॉलिश केले, नेकटायच्या कारखान्यात काम केले. पुढे रोबेर-उदँ या फ्रेंच जादूगाराच्या नावावरून त्याने स्वतःचे नाव हुदिनी ठेवले.

बरीच वर्षे त्याला कोणी विचारले नाही. १८९९ नंतर बेड्या आणि कुलपांतून सुटण्याचे त्याचे खेळ गाजू लागले. १९०८ साली तो पाण्याने भरलेल्या दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये शिरू लागला. वरून कुलपे लावायची आणि हा बाहेर! पण बघून बघून दुसरे जादूगारही तसाच खेळ करू लागले. कॅन काय, कोणीही करून घेईल. नक्कल झाली की तिकिटे खपेनात. नवे काही आणणे भागच होते.

मग त्याने इंग्लंडात एक पेटी बनवून घेतली. महोगनीचे लाकूड, पोलादाच्या पट्ट्या, पुढे जाड काच. काच फुटली तर म्हणून जादा काच बरोबर असे. दहा हजार डॉलर खर्च आला असे जाहिरातीत सांगत. मला वाटते जाहिरातीतला आकडा थोडा फुगलेला असणार. पण त्या काळी फोर्डची मोटार सहा-सातशे डॉलरला मिळे, तेव्हा हिशेब करून बघा.

आणखी एक हुशारी. १९११ साली साउदम्प्टन गावी त्याने हा खेळ नाटक म्हणून केला, तोही एकाच प्रेक्षकासमोर! नाटक म्हणून हक्क मिळाला, की चोरणाऱ्याला कोर्टात खेचता येते. सप्टेंबर १९१२ मध्ये बर्लिनच्या सर्कशीत सर्वांसमोर खेळ झाला.

रेनकोट आणि रबरी बूट घातलेले मदतनीस पेटी पाण्याने भरत. प्रेक्षकांतली माणसे वर येऊन पेटी ठोकून बघत. हुदिनीचे पाय लाकडी खोड्यात अडकवत, त्याला उलटा टांगत आणि डोके खाली करून पाण्यात सोडत. वरून कुलूप. पडदा ओढला की बँड वाजायचा. एक मदतनीस कुऱ्हाड घेऊन उभा असे, वेळ आली तर काच फोडायला. दोनेक मिनिटांनी हुदिनी ओलाचिंब बाहेर येई. यासाठी तो घरी मोठ्या टबात श्वास कोंडायचा सराव करी. आमच्या वर्गात घड्याळ लावून आम्ही बाकावर बसल्या बसल्या श्वास धरला, तर पाऊण मिनिटाच्या पुढे कोणी गेले नाही. विहिरीत मात्र कोणी असले काही करू नका हं!

आत हवा मिळते हे दाखवून देणाऱ्याला त्याने एक हजार डॉलरचे बक्षीस लावले होते.

तो पेटीत बुडून मेला असे पुष्कळांना वाटते. १९५३ च्या सिनेमात तसे दाखवले आहे, पण ते खोटे. ऑक्टोबर १९२६ मध्ये ऑल्बनी येथे याच खेळात वर ओढताना त्याचा घोटा मोडला हे खरे. तरी तो खेळ करीत राहिला. मग माँट्रियलला एकाने त्याच्या पोटात गुद्दे मारले. ताप असताना तो डेट्रॉइटला रंगमंचावर उभा राहिला. अपेंडिक्स फुटले होते. ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी तो वारला.

पेटी पुढे नायगारा धबधब्याजवळच्या संग्रहालयात होती. १९९५ साली तिथे आग लागली. लाकूड जळाले, लोखंडी भाग तेवढे उरले.

– इयत्ता सातवी