दुसऱ्या नंबरच्या पोराला मिळालेली शिष्यवृत्ती

बारावीचे निकाल लागले की आमच्या भागात घरोघरी एकच विषय असतो. पोराला किंवा पोरीला दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. एका ठिकाणी शिष्यवृत्ती आहे, फी माफ आहे. दुसरीकडे शिक्षण चांगलं म्हणतात, पण खिशातले पैसे जाणार. मग चावडीवर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, फुकट मिळतंय ते घ्या आणि गप बसा. दुसरा म्हणतो, वावर गहाण ठेवा पण मोठ्या नावाच्या कॉलेजात घाला. बातम्या लिहितो म्हणून काही जण मलाही विचारायला येतात. मी स्वतः बारावीवर थांबलेला माणूस, काय सांगणार? पण एका शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट मी जरूर सांगतो. आपल्या सातगाव पठारावरच्या लोकांना ती जवळची वाटेल, कारण तिच्यात बटाटा काढणी आहे.

त्या पोराचं नाव अर्नेस्ट रदरफोर्ड. अकरावी-बारावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात सोन्याच्या पातळ पत्र्याचा प्रयोग असतो, तो याचाच. पण परीक्षेपुरता प्रयोग पाठ करून आपण पुढे जातो. हा माणूस त्या प्रयोगापर्यंत पोहोचला कसा, ते पुस्तकात नसतं.

बारा भावंडांचं घर

रदरफोर्डचा जन्म ३० ऑगस्ट १८७१ रोजी न्यूझीलंडमधल्या नेल्सन शहराजवळच्या एका खेड्यात झाला. बारा भावंडांत तो चौथा. वडील जेम्स लहानपणी स्कॉटलंडहून आलेले. गाड्यांची चाकं बनवायची, थोडी शेती करायची, लाकूड कापायचं, मिळेल ते काम ते करत. पुढे त्यांनी फ्लॅक्सचा कारखाना टाकला. आपल्याकडच्या घायपातासारखी लांब पानं, ती ठेचून त्यातून दोरखंडाचा धागा काढायचा, असा हा धंदा. आई मार्था लग्नाआधी शाळेत शिकवायची. घरात पैसा कमी, पण अभ्यासाला मान होता. १८८६ साली अर्नेस्टचे दोन भाऊ पाण्यात बुडून गेले. त्या दुःखातही त्याचा अभ्यास सुटला नाही.

त्याच्या भागातून माध्यमिक शिक्षणासाठी नेल्सन कॉलेजात जायला सरकारी शिष्यवृत्ती होती, आणि तीही एकच. पहिल्या वेळी ती त्याला मिळाली नाही. दुसऱ्या वेळी त्याने ६०० पैकी ५८० गुण मिळवले आणि १८८७ मध्ये तो नेल्सनला गेला. विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचंही तसंच झालं. सगळ्या देशात मिळून दहा जागा. पहिल्या खेपेला हुकली, दुसऱ्या खेपेला मिळाली. पहिल्या फटक्यात शिष्यवृत्ती नाही मिळाली म्हणून हात गाळून बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१८९० मध्ये तो क्राइस्टचर्चच्या कँटरबरी कॉलेजात दाखल झाला. १८९३ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र दोन्हीत पहिल्या वर्गात एम. ए. झाला. कॉलेजात प्रयोगाला धड जागा नव्हती. विद्यार्थ्यांचे झगे टांगायच्या तळघरातल्या कोंदट खोलीत त्याने विजेचे आणि लोखंडाच्या चुंबकत्वाचे प्रयोग केले. एवढं शिकूनही कायमची नोकरी लागेना. शाळामास्तरकीसाठी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा नकार. त्यात घरमालकिणीच्या मुलीशी, मेरी न्यूटनशी, लग्न करायचं ठरत होतं. कमाई नाही तर संसार कसा करणार?

एक जागा, दोन उमेदवार

आता राहिला एकच मार्ग. १८५१ साली लंडनमध्ये एक मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. त्यात जो नफा झाला, त्याच्या निधीतून पुढे संशोधनासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. वर्षाला दीडशे पौंड, मुदत दोन वर्षं. न्यूझीलंडच्या वाट्याला दोन वर्षांतून एकदा एकच जागा यायची. अर्ज करायला विद्यार्थी म्हणून नाव दाखल असावं लागे, म्हणून एम. ए. झालेला रदरफोर्ड १८९४ मध्ये पुन्हा बी. एस्सी.ला बसला. अटी नीट वाचल्या होत्या म्हणून हे जमलं.

त्या वर्षी उमेदवार दोनच होते. एक रदरफोर्ड आणि दुसरा ऑकलंडचा जेम्स मॅक्लॉरिन. मॅक्लॉरिनचं काम सोनं धातुकातून वेगळं काढण्याच्या रसायनावर होतं. न्यूझीलंडमध्ये सोन्याच्या खाणी, त्यामुळे त्याच्या कामाचा उपयोग लगेच दिसत होता. परीक्षकांनी मॅक्लॉरिनला निवडलं. रदरफोर्ड दुसरा आला. जागा एक असताना दुसरा येणं म्हणजे काहीच हाती न लागणं.

पण मॅक्लॉरिनने हिशेब घातला. समोर सरकारी नोकरी होती, घरसंसाराचा विचार होता, आणि दीडशे पौंडांत परदेशात राहणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याने शिष्यवृत्ती नाकारली. पुढे तो त्याच देशात सरकारचा मुख्य रसायन तपासनीस झाला आणि त्याने चांगलं काम केलं. लोक ही गोष्ट सांगताना मॅक्लॉरिनला चुकलेला माणूस ठरवतात. मला ते पटत नाही. शिष्यवृत्ती कितीही मानाची असली तरी ती आपल्या घराला झेपते का, हे ज्याने त्यानेच बघायचं असतं.

अशा रीतीने १८९५ मध्ये शिष्यवृत्ती रदरफोर्डकडे आली. असं सांगतात की बातमी आली तेव्हा तो वडिलांच्या शेतात बटाटे काढत होता. त्याने अवजार बाजूला टाकलं आणि हा आपला शेवटचा बटाटा, असं काहीसं तो बोलला म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण बटाटा काढून ज्याची कंबर मोडली आहे त्याला ते पटेल.

जायचं कुठे?

या शिष्यवृत्तीची एक गोष्ट मोलाची होती. अमुकच विद्यापीठात जा, असं बंधन तिच्यात नव्हतं. जगात कुठेही जाता येत होतं. जर्मनीत तेव्हा विज्ञानाचं मोठं काम चालू होतं, इंग्लंडमध्येही जुनी विद्यापीठं होती. रदरफोर्डने बघितलं ते असं, की आपण तळघरात जे काम सुरू केलं, त्या विषयातला सगळ्यात जाणकार माणूस कोण? उत्तर होतं जे. जे. थॉमसन. ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख. म्हणून केंब्रिज. म्हणजे विद्यापीठाची पाटी त्याने नंतर बघितली, गुरू आधी बघितला.

वेळही जुळून आली. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या पदवीधरांना संशोधक विद्यार्थी म्हणून घ्यायचा नियम केंब्रिजने त्याच वर्षी केला होता. त्या नियमाखाली आलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांत रदरफोर्ड होता. एक-दोन वर्षं आधी आला असता तर हे दार बंदच होतं.

पण शिष्यवृत्तीत सगळं भागत नव्हतं. बोटीच्या भाड्यासाठी उसने पैसे घ्यावे लागले. दीडशे पौंडांत एकट्याचं कसंबसं भागायचं, लग्नाचा विचारच नको. मेरी तिकडे न्यूझीलंडमध्ये वाट बघत राहिली. फी माफ झाली की सगळं फुकट, असं आपण धरून चालतो. खोलीभाडं, मेस, गावाला येण्या-जाण्याचा खर्च आणि मागे थांबलेल्या माणसांची वर्षं कुणी धरत नाही.

केंब्रिजमध्ये त्याने आधी रेडिओ लहरी दूरवरून पकडण्याचं काम केलं. मग थॉमसन यांच्याबरोबर क्ष-किरणांवर, आणि पुढे युरेनियमच्या किरणांवर. गुरू योग्य निवडला होता, त्याचं फळ तीन वर्षांत दिसलं.

नावापेक्षा काम

१८९८ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल इथल्या मॅकगिल विद्यापीठात प्राध्यापकाची जागा निघाली. पगार वर्षाला पाचशे पौंड. थॉमसन यांनी शिफारस केली. वय अवघं २७. केंब्रिजचं नाव सोडून इतक्या लांब जायचं का? रदरफोर्ड गेले. तिथली प्रयोगशाळा एका तंबाखू व्यापाऱ्याच्या देणगीतून उभी राहिली होती आणि उत्तम होती. पगारात घर चालणार होतं. १९०० मध्ये त्यांनी मेरीशी लग्न केलं.

माँट्रियलला फ्रेडरिक सॉडी यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की किरणोत्सारी मूलद्रव्य आपोआप दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतं. याच कामाला १९०८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९०७ मध्ये ते मँचेस्टरला आले होते. तिथे गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पत्र्याचा प्रयोग केला आणि १९११ मध्ये रदरफोर्ड यांनी अणूला केंद्रक असल्याचं मांडलं. बघा, त्यांची सगळ्यात मोठी दोन कामं केंब्रिजमध्ये झालीच नाहीत. १९१९ मध्ये मात्र ते थॉमसन यांच्याच खुर्चीवर, कॅव्हेंडिशचे प्रमुख म्हणून परतले.

त्यांच्या एका विद्यार्थ्याचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. जेम्स चॅडविक. १९१३ मध्ये त्यालाही हीच १८५१ ची शिष्यवृत्ती मिळाली. अट अशी की मँचेस्टर सोडून दुसरीकडे जायचं. त्याने बर्लिनला गायगर यांच्याकडे जायचं ठरवलं. निवड बरोबर होती, पण १९१४ ला महायुद्ध पेटलं आणि चार वर्षं तो जर्मनीतल्या छावणीत कैदेत अडकला. सगळं नीट तोलूनही नशिबाचा फटका बसतो, तो असा. सुटल्यावर तो पुन्हा रदरफोर्ड यांच्याकडे गेला. १९३२ मध्ये त्यानेच न्यूट्रॉन शोधला.

रदरफोर्ड यांचं निधन १९ ऑक्टोबर १९३७ रोजी केंब्रिजमध्ये झालं. जानेवारी १९३८ मध्ये कोलकात्याला भरणाऱ्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होणार होते. ते राहून गेलं. त्यांच्या अस्थी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनच्या समाधीजवळ आहेत.

खोडदपर्यंत आलेला धागा

ही गोष्ट फार लांबची वाटत असेल तर जरा खोडदकडे बघा. रदरफोर्ड कॅव्हेंडिशचे प्रमुख असताना मुंबईचा एक विद्यार्थी केंब्रिजमध्ये शिकत होता, होमी भाभा. पुढे त्या १८५१ च्या निधीची शिष्यवृत्ती भाभांनाही मिळाली. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली, आणि जुन्नर तालुक्यातली आपली महाकाय रेडिओ दुर्बीण त्याच संस्थेची. नारायणगावला बाजारात जाताना ज्या तबकड्या दिसतात, त्यांच्यामागेही कुणीतरी वेळेवर दिलेली आणि कुणीतरी नीट वापरलेली शिष्यवृत्ती आहे.

म्हणून घरात चर्चा चालू असेल तर एवढं करा. शिष्यवृत्ती किती वर्षांची आहे आणि दरवर्षी किती गुण टिकवावे लागतात, ते कागदावर वाचा. तिच्यात काय भागत नाही, त्याची वहीत यादी करा. दोन्ही ठिकाणी आपल्या पोरीला हवा तो विषय कोण शिकवतं, प्रयोगशाळा चालू आहे का कुलूपबंद, हे तिथे जाऊन बघा. आणि पोरगी दुसऱ्या नंबरवर असेल तर यादीतून नाव गेलं असं समजू नका. वरचा माणूस कधी कधी जागा सोडतो.

आणि हो, निर्णय होईपर्यंत तिला वावरात कामाला येऊ द्या. बातमी आली की ती अवजार टाकेलच.