संदेशाची पोच : गुलिएल्मो मार्कोनी यांचे जीवन व कार्य

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या एका अंगाला धरणाचा विस्तीर्ण जलाशय आणि ताम्हिणीचे डोंगर आहेत, तर दुसऱ्या अंगाला हिंजवडी व माण या गावांच्या शिवारात उभे राहिलेले राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान संकुल आहे. आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी अशा संकुलांत काम करतात. दूरदेशीच्या संगणकांशी त्यांचा क्षणोक्षणी संवाद चालतो. हे संगणक एकमेकांशी बोलतात तरी कसे, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना पडतो. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला एका श्रद्धावंत शास्त्रज्ञाचे जीवन आठवते. त्यांच्या कार्याचा एक धागा आपल्या पुणे जिल्ह्यापर्यंत आलेला आहे.

गुलिएल्मो मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील जुझेप्पे हे जमीनदार, तर आई ॲनी जेम्सन ही आयर्लंडची. गुलिएल्मो यांचा स्नानसंस्कार कॅथलिक ख्रिस्तसभेत झाला, मात्र बालपणी त्यांच्यावर आईच्या अँग्लिकन पंथाचेही संस्कार झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी सिद्ध केलेल्या विद्युत्-चुंबकीय लहरींविषयी वाचून त्यांनी पोंतेक्कियो येथील घराच्या माडीवर प्रयोग आरंभले. १८९५ साली त्यांचा संकेत टेकडी ओलांडून सुमारे दोन किलोमीटरवर पोहोचला. तो पोहोचला हे घरी बसून कळणार कसे? टेकडीआड ग्राहक यंत्रापाशी थांबलेल्या सोबत्याने बंदुकीचा बार उडवून ते कळवले. संकेत गेला लहरींवरून, पोच आली बंदुकीच्या आवाजाने!

संगणकांच्या जाळ्याचे मर्म या छोट्या प्रसंगात सापडते. पूर्वी रजिस्टर टपालाबरोबर पोचपावती येत असे, ती वाचकांना आठवत असेल. संगणक मोठा मजकूर लहान लहान पाकिटांत विभागतो. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो, तसेच क्रमही नोंदवलेला असतो. पाकिटे निरनिराळ्या वाटांनी जाऊ शकतात. पलीकडचा संगणक ती क्रमाने जुळवतो आणि पोच पाठवतो. ठरावीक वेळेत पोच न आल्यास तेच पाकीट पुन्हा धाडले जाते. आपली पत्रे, छायाचित्रे व पैशांचे व्यवहार बहुतांशी याच रीतीने सुखरूप पोहोचतात.

१८९६ साली मार्कोनी लंडनला गेले व तेथे त्यांनी आपल्या शोधाचे पेटंट मागितले. १८९९ मध्ये त्यांचा बिनतारी संदेश इंग्लिश खाडी ओलांडून गेला. त्या वेळी त्यांनी पॅरिसच्या कॅथलिक विद्यापीठातील प्राध्यापक एदुआर ब्रान्ली यांना अभिवादनाचा संदेश पाठवला. लहरी ओळखणारी ब्रान्ली यांची नळी मार्कोनींच्या यंत्रात उपयोगी पडली होती. त्या ऋणाची ही जाहीर पोच होती. आपल्या देशातील जगदीशचंद्र बोस यांच्या वाट्याला मात्र अशी पोच वेळेवर आली नाही. बोस हे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात येशूसंघीय फादर युजीन लाफों यांचे विद्यार्थी. १८९५ साली त्यांनी कलकत्त्यात भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. १८९९ साली त्यांनी पाऱ्याचा ग्राहक शास्त्रज्ञांपुढे मांडला. मार्कोनींनी १९०१ मध्ये वापरलेल्या ग्राहकाचे त्याच्याशी असलेले नाते संशोधकांनी पुढे दाखवून दिले.

१२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील पोल्ढू केंद्रातून निघालेला तीन ठिपक्यांचा संकेत न्यू फाउंडलंड येथे ऐकल्याचे मार्कोनींनी जाहीर केले. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर होते. परंतु तो संकेत केवळ त्यांनी व त्यांच्या सहायकाने ऐकला होता. उलट दिशेने उत्तर जाण्याची सोय नव्हती. म्हणूनच अनेक जाणकारांनी शंका घेतली. पुढील वर्षी जहाजावर संकेतांची कागदी नोंद मिळाली, तेव्हा त्या शंका बऱ्याच अंशी मावळल्या. मोर्सच्या लिपीतील ठिपका व रेघ या दोन खुणांनी सारी अक्षरे लिहिता येत. आजचे संगणकही शून्य व एक या दोनच खुणांनी सारे काही लिहितात.

यश वाढले तसा व्यापाराचा मोहही वाढला. मार्कोनींच्या कंपनीची यंत्रे अनेक जहाजांवर बसली होती. संकटाची वेळ वगळता अन्य कंपन्यांच्या यंत्रांशी बोलू नये, असा दंडक आपल्या यंत्रचालकांना कंपनीने घातला होता. समुद्रावर शेजारून जाणारी दोन जहाजे कान असूनही परस्परांना बहिरी! १९०६ साली बर्लिन येथे राष्ट्रांनी करार करून ठरवले की यंत्र कोणाचेही असो, किनाऱ्यावरील केंद्राने व जहाजाने एकमेकांचे संदेश घ्यावेत. अशा समाईक नियमांना संगणकाच्या जगात प्रोटोकॉल म्हणतात. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने जे समाईक नियम स्वीकारले, त्यांच्या पायावर आजचे इंटरनेट उभे आहे.

१९०९ साली मार्कोनी यांना कार्ल ब्राऊन यांच्यासमवेत भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १४ एप्रिल १९१२ च्या रात्री, टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळले. त्यावरील बिनतारी यंत्रचालक मार्कोनी कंपनीचेच होते. जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाने आधी बर्फाची सूचना दिली होती. पण प्रवाशांचे खासगी संदेश पाठवण्यात गुंतलेल्या टायटॅनिकच्या चालकाने त्याला गप्प केले. हवा ही सर्वांची समाईक वाट आहे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे विस्कटते. आपल्या घरातील वायफाय यंत्र बोलण्यापूर्वी वाट मोकळी आहे का हे ऐकून घेते, ते याचसाठी. कॅलिफोर्नियनचा चालक काही वेळाने यंत्र बंद करून झोपी गेला. मदतीची हाक आली तेव्हा तेथे ऐकणारे कोणी नव्हते. दूरवरच्या कार्पेथियाने ती ऐकली व सुमारे सातशे जीव वाचवले. सुमारे पंधराशे माणसे बुडाली. त्यानंतर प्रवासी जहाजांवर अहोरात्र कोणीतरी ऐकत राहावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आला.

पुढे मार्कोनी व त्यांचे सहकारी लघुलहरींकडे वळले. आरशाने प्रकाश एका दिशेला टाकावा तशा या लहरी एका दिशेला झोत करून पाठवता येत. या पद्धतीने १९२७ साली भारत व इंग्लंड जोडले गेले. भारतातील प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे व ग्रहण केंद्र दौंड येथे होते. दोन्ही केंद्रे दूर ठेवण्याचे कारण सोपे आहे : शेजारी कोणी मोठ्याने बोलत असेल तर दुरून आलेली कुजबुज ऐकू येत नाही. या सेवेचा वारसा १९४७ मध्ये सरकारच्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे व १९८६ मध्ये विदेश संचार निगमाकडे आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी याच निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आता खंडांमधील बहुतेक मजकूर समुद्रतळाच्या काचतंतूंतून प्रकाशरूपाने जातो. परंतु मोबाईलपर्यंतचा अखेरचा टप्पा आजही लहरीच पार पाडतात.

त्याच दशकात मुळशीत काय घडत होते, याचे स्मरण ठेवणे आम्हांला आवश्यक वाटते. मुंबईसाठी वीज निर्माण करण्याकरिता टाटा कंपनीने बांधायला घेतलेल्या धरणात गावे व शेते बुडणार होती. १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला; सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले व कारावास सोसला. धरण झाले, जमिनी पाण्याखाली गेल्या. खडकीहून इंग्लंडला संदेश क्षणात जाऊ लागले, परंतु मुळशीच्या शेतकऱ्यांची हाक जवळच्या सत्ताधीशांच्या कानी पडूनही तिची पोच मिळाली नाही. यंत्र अंतर कापते. ऐकण्याची इच्छा मात्र माणसालाच बाळगावी लागते.

मार्कोनींच्या जीवनातही अशा उणिवा होत्या. १९२३ साली ते फॅसिस्ट पक्षात गेले आणि मुसोलिनीच्या राजवटीत त्यांनी मानाची पदे स्वीकारली. शास्त्रज्ञाचा गौरव करताना हे झाकून ठेवणे योग्य नव्हे. त्यांचा पहिला विवाह ख्रिस्तसभेने रद्दबातल ठरवल्यावर १९२७ मध्ये मारिया क्रिस्तीना यांच्याशी त्यांचा विवाह कॅथलिक विधीने झाला.

पोप अकरावे पायस यांच्या इच्छेनुसार मार्कोनींनी व्हॅटिकन नभोवाणीची उभारणी केली. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी परमगुरूंचा आवाज प्रथमच लहरींवरून जगभर गेला. त्याआधी मार्कोनींनी श्रोत्यांना परमगुरूंचा परिचय करून दिला. केंद्राची जबाबदारी येशूसंघाकडे सोपवण्यात आली. १९३३ साली मार्कोनींनी व्हॅटिकन व कास्तेल गांदोल्फो यांच्यामध्ये अतिलघुलहरींचा दूरध्वनी जोडला. आजच्या मोबाईल मनोऱ्यांना परस्परांशी जोडणाऱ्या दुव्यांचा तो पूर्वज होय.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये मार्कोनी निवर्तले. त्यांच्या सन्मानार्थ ब्रिटनमधील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे मूक राहिली. ज्या माणसाने आकाश शब्दांनी भरले, त्याला जगाने शांततेने निरोप दिला.

१९५१ साली पोप बारावे पायस यांनी महादूत गाब्रिएल यांना दूरसंचाराचे आश्रयदाते घोषित केले. या निवडीत मोठा अर्थ भरलेला आहे. गाब्रिएल यांनी नाझरेथला संदेश आणला; पवित्र मरियेने तो ऐकला, मनात उठलेला प्रश्न विचारला आणि होकार दिला. त्या होकाराने संदेश पूर्ण झाला. आज धर्मग्रामाच्या मोबाईल गटावर कोणाच्या आजारपणाची बातमी येते, वाचल्याच्या निळ्या खुणा उमटतात, हात जोडल्याची चित्रे पडतात. ती यंत्राची पोच झाली. त्या घराचे दार ठोठावून रुग्णाशेजारी घटकाभर बसणे ही आपली पोच आहे. ती द्यायला आपण चुकू नये, अशी प्रभुचरणी प्रार्थना.