गॅलिलिओ : पडत्या वस्तूंचा नियम शोधणारे श्रद्धावंत

इटलीतील पिसा येथे १५ फेब्रुवारी १५६४ रोजी जन्मलेले गॅलिलिओ आजन्म कॅथलिक होते. जड वस्तू हलकीहून वेगाने पडते, ही ॲरिस्टॉटलची शिकवण त्यांनी पारखली. उतरत्या फळीवरून धातूचा गोळा सोडून, पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजून त्यांनी दाखविले की, दुप्पट वेळात तो चौपट अंतर कापतो. हवेचा अडथळा नसल्यास वजनाने फरक पडत नाही.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मतासाठी १६३३ मध्ये धर्मन्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. नजरकैदेत, धर्मभगिनी असलेल्या लाडक्या कन्येच्या निधनाचे दुःख सोसूनही त्यांनी हा नियम ग्रंथबद्ध केला. तो ग्रंथ १६३८ मध्ये लायडन येथे प्रकाशित झाला. ८ जानेवारी १६४२ रोजी ते निवर्तले.

१९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांच्या न्यायाधीशांची चूक जाहीरपणे मान्य केली. सत्याचा शोध हीदेखील ईश्वरसेवाच होय, हे आपण त्यांच्या जीवनातून शिकावे.